लंडनचे व्हिडिओ पाठवणाऱ्यांसाठी

मुंबईत लोकलचा अपघात झाला की दोन दिवसांत लंडनचे व्हिडिओ फिरू लागतात. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली, रुळांवर पडली, काही जीवानिशी गेली. त्या संध्याकाळी वाद सुरू झाला: चूक रेल्वेची की लोकांची? पुढे लोकलचा विषय निघाला की तोच वाद निघतो. आणि निकाल लावायचा म्हणून कुणीतरी लंडनच्या भुयारी स्टेशनातल्या सरकत्या जिन्याचा व्हिडिओ टाकतं. सगळे उजवीकडे उभे, डावी बाजू मोकळी, धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. खाली ओळ असते, 'आपल्या लोकांना हे कधी जमणार?' पाठवणारे डोंबिवली-ठाण्याचे, पुण्याचे शिकलेसवरलेले लोक असतात. यातले कितीतरी व्हिडिओ मुळात लंडनमधून गेलेले असतात, इथे राहणाऱ्या आम्हीच काढून पाठवलेले.

मला त्या ओळीचा राग येतो. मी लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर काम करते. गर्दीच्या वेळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून अनोळखी माणसांकडे बघत राहणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे खात्रीने सांगते, त्या व्हिडिओतली शिस्त कुणाच्या रक्तातून आलेली नाही. पुढची गाडी लवकर येणार आहे आणि तिच्यात जागा असणार आहे, एवढ्या भरवशावर ती उभी आहे. त्या जिन्यावर उभ्या असलेल्यांपैकी किती जण इथे जन्मलेले असतील? लागोसहून, ढाक्याहून, वॉर्सोहून, सुरतेहून आलेली माणसं असतात. विमानतळावरून सुटकेस ओढत आलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात उजवीकडे उभा राहायला शिकतो. आठ दिवसांत त्याचे संस्कार बदलले असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

व्हिक्टोरिया लाइनवर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात. म्हणजे १०० सेकंदांना एक. एवढ्या वेळात गाडी आत येऊन थांबायची, दारं उघडायची, माणसं उतरायची, चढायची, दारं लागायची, गाडीचं शेवटचं टोक बोगद्यात शिरायचं आणि मागच्या गाडीपुरता रूळ मोकळा व्हायचा. माणसांच्या वाट्याला त्यातले तीसेक सेकंद येतात. कुणाची सॅक दारात आली, दार पुन्हा उघडावं लागलं, की पाच-दहा सेकंद गेले. मागची गाडी बोगद्यात थांबते, तिच्यामागची तिच्यामागे. तेवढ्या वेळात पुढच्या स्टेशनवर माणसं साठतात, तिथे चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिथे आणखी उशीर. एका सॅकपायी चार स्टेशनं पलीकडे गर्दी होते आणि त्या गर्दीतल्या कुणालाही कारण माहीत नसतं.

हे टाळायला आम्ही माइकवरून गाडीगणिक तीच वाक्यं बोलतो. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. डब्यात आत सरका. बॅगा दारापासून लांब ठेवा. दारं सोडा, मागे दुसरी गाडी आहे. सकाळच्या पाळीत हे शेकडो वेळा बोलून होतं. शिस्त जर लोकांच्या अंगात असती तर या माइकची गरजच पडली नसती. व्हिडिओत आवाज बंद असतो, म्हणून ते ऐकू जात नाही.

डब्यात आत न सरकणं हे तर अगदी आपल्यासारखंच. मधे, सीटांच्या ओळींमध्ये, दोन-तीन माणसं आरामात उभी राहतील एवढी जागा असते, आणि दारापाशी लोक एकमेकांच्या पाठीत नाक खुपसून उभे. कारण तेच जे कुर्ल्याला असतं: आपल्या स्टेशनला बाहेर पडता येईल की नाही ही धास्ती. फरक एवढाच की मुंबईच्या डब्यात त्यावर उपाय आहे. दोन स्टेशनं आधीच 'पुढे ठाणे का?' विचारत आतल्या आत रांग लागते, ज्यांना उतरायचं नाही ते बाजूला होतात, कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येणार ते नवख्याला कुणीतरी सांगतं. इथे शेवटच्या क्षणी 'सॉरी, सॉरी' पुटपुटत माणसं वाट काढतात, आणि दोघं-तिघं चुकून पुढच्या स्टेशनला जातात.

आणि धावणारे. पाटीवर पुढची गाडी १ मिनिटावर दिसत असते. तरी दार लागण्याचा आवाज सुरू झाल्यावर जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या उड्या मारत उतरून हात मधे घालणारे प्रत्येक गाडीला असतात. चांगले सूटबूटवाले. दाराच्या कडेला रबर असतं, हात किंवा खांदा आला तर गाडी निघत नाही. पण सॅकचा बारीक पट्टा किंवा मफलरचं टोक असेल तर दाराला ते कळेलच असं नाही. म्हणून हात वर करून इशारा देण्याआधी गाडीची अख्खी बाजू डोळ्यांनी तपासावी लागते. एक मिनिट थांबणं ज्यांना जड जातं, त्यांना पुढची गाडी बारा मिनिटांनी आणि तीही भरलेली येणार असं सांगितलं तर ते काय करतील? बाहेरचा दांडा धरतील. इथे बाहेर दांडाच नाही.

सकाळ उलगडते ती माणसांच्या बुटांवरून कळते. पहिल्या गाड्यांना ऑफिसं झाडायला-पुसायला जाणारी माणसं, बहुतेक आफ्रिकेतली नाहीतर दक्षिण अमेरिकेतली, प्लास्टिकच्या पिशवीत कामाचे बूट, डोकं काचेला टेकवून गाढ झोपलेली. आपलं स्टेशन आलं की बरोबर डोळे उघडतात, एक सेकंद इकडेतिकडे नाही. साडेसहा-सातला सिमेंटने पांढरे झालेले बूट, पिवळी जाकिटं. मग हॉस्पिटलचे पट्टे गळ्यात घातलेल्या नर्सेस, काही ड्यूटीवर चाललेल्या, काही रात्रपाळी करून परतणाऱ्या. कुठल्या कशा ते त्यांच्या खांद्यांवरून ओळखू येतं. आठनंतर लॅपटॉप. साडेनऊ वाजायच्या आधी गेटबाहेर घड्याळाकडे बघत घुटमळणारे, भाडं उतरायची वाट बघणारे. रोजची माणसं प्लॅटफॉर्मवर ठरलेल्या जागीच उभी राहतात. तिथे खूण काही नसते, पण ऑक्सफर्ड सर्कसला बाहेर पडायच्या वाटेसमोर कुठलं दार येतं हे त्यांना पाठ असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी, हातभर अंतरावर, एकाच वेळी चार माणसं उभी असतात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

आता यातला भरवसा काढून घ्या. एकदा सिग्नल बिघडू द्या. पहिली दहा मिनिटं लोक फोनमध्ये बघतात. प्लॅटफॉर्म भरत आला की वरून गेट बंद करावं लागतं, म्हणजे नवी माणसं खाली उतरत नाहीत. हे गेट फार वेळ बंद ठेवलं तर गर्दी रस्त्यावर जाते, लवकर उघडलं तर जिन्यावर दाब येतो. दोन्हींच्या मधला क्षण साधावा लागतो. अर्ध्या तासाने पहिली गाडी येते, भरलेली. तेव्हा उतरणाऱ्यांना कुणी आधी उतरू देत नाही. कोपरं वापरतात, शिव्या देतात, आमच्या अंगावर ओरडतात. संपाच्या दिवशी बसस्टॉपवर जाऊन बघा, ती प्रसिद्ध इंग्रजी रांग कुठे दिसते का. तीच माणसं, तेच शहर, आदल्या दिवशी 'आफ्टर यू' म्हणणारी. पुढच्या गाडीची खात्री गेली की एका तासात सगळं उतरून जातं. असले व्हिडिओ मुंबईला कुणी पाठवत नाही.

बरं, त्या जिन्याचीही गंमत नीट समजून घ्यायला हवी. एका बाजूला उभं राहायचं आणि दुसरी चालणाऱ्यांसाठी सोडायची, हे गर्दीच्या वेळी उलट तोट्याचं आहे. लांबलचक जिन्यावर चढत जाणारी माणसं थोडीच असतात, डावी बाजू जवळपास रिकामी जाते आणि खाली रांग वाढते. हॉबर्न स्टेशनचा जिना उंच आहे. तिथे २०१५ च्या शेवटी तीन आठवडे दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगून पाहिलं, तर तेवढ्याच वेळात सुमारे तीस टक्के जास्त माणसं वर गेली. लोकांनी ऐकलं का? चिडले, वाद घातले. पुढच्या वर्षी पुन्हा करून पाहिलं आणि शेवटी सोडून दिलं. म्हणजे ज्या चित्राला आपण नागरिकशास्त्राचा धडा समजून पाठवतो, ती एक जुनी सवय आहे आणि गर्दी हलवायला ती फारशी उपयोगाची नाही.

दारात लटकणं हा तर म्हणे आपला राष्ट्रीय रोग. लंडनच्या दक्षिणेला केंट, ससेक्सकडून येणाऱ्या लोकल गाड्यांना २००५ पर्यंत हाताने उघडायची दारं होती. बऱ्याच डब्यांत काच खाली करून हात बाहेर घालायचा आणि बाहेरची कडी फिरवायची. लंडन ब्रिज स्टेशनात गाडी प्लॅटफॉर्मला लागत असतानाच दारं धडाधड उघडायची आणि ऑफिसवाले चालत्या गाडीतून उतरून पळत सुटायचे, कारण जिन्याशी पहिलं पोचायचं असायचं. कुणी पडायचं, प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्याला उघडं दार लागायचं. शहरातल्या त्या लाल बसलाही मागे उघडा फलाट होता, दार नाहीच. सिग्नलला उडी मारून चढायचं, वळणावर बस हळू झाली की उतरायचं. नेहमीच्या मार्गांवरून ती ९ डिसेंबर २००५ ला गेली. लोकांना ती इतकी प्रिय होती की शेवटच्या फेरीला रस्त्यावर गर्दी झाली. चालत्या वाहनातून उतरणं लंडनकरांनी शहाणपण सुचलं म्हणून सोडलं असं नाही. जुने डबे काढून टाकण्याचा नियम १९९९ मध्ये झाला, डबे गेले, दारं आपोआप लागू लागली, आणि उतरायचं कसं हा प्रश्न माणसाच्या हातातून गेला. याला फक्त वीस वर्षं झाली आहेत.

त्याच्या आधीचं सांगायचं तर १८ नोव्हेंबर १९८७. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली, ३१ माणसं गेली. भुयारी स्टेशनांत सिगारेटला १९८५ पासूनच बंदी होती. पण बाहेर पडता पडता जिन्यावरच काडी पेटवायची लोकांची सवय होती, आणि जिन्याखाली वर्षानुवर्षांचं ग्रीस, केस, कागद साचलेले. नियम होता, पाट्या होत्या, घोषणा होत्या. प्रश्न सुटला तो जिने धातूचे झाल्यावर, खालची सफाई वेळच्या वेळी होऊ लागल्यावर आणि स्टेशनवरच्या माणसांना आगीचं नीट प्रशिक्षण मिळू लागल्यावर. शेवटचा लाकडी जिना ग्रीनफर्डला २०१४ पर्यंत होता.

आणि बेथनल ग्रीन. ३ मार्च १९४३, युद्धाची रात्र. भोंगा झाला, लोक आसऱ्याला भुयारी स्टेशनात उतरत होते. अंधुक दिवा, पायऱ्या ओल्या, मधे कठडा नाही. एक बाई पाय घसरून पडली आणि मागचे वरून कोसळत गेले. १७३ माणसं चेंगरून मेली, त्यांत ६२ मुलं. तिथे बॉम्ब पडलाच नव्हता. सरकारी चौकशीने ठपका कुणावर ठेवला? मुख्यतः गर्दीवर, लोकांचा स्वतःवरचा ताबा सुटला म्हणे. तो अहवाल १९४५ पर्यंत दाबून ठेवला. नुकसानभरपाईच्या खटल्यात न्यायालयाने मात्र निष्काळजीपणा नगरपालिकेचा ठरवला. प्रवेशाचा जिना धोक्याचा आहे हे नगरपालिकेला आधीपासून माहीत होतं, बदल करायला परवानगी मागितली होती, ती मिळाली नव्हती. आता २९ सप्टेंबर २०१७ आठवा, एल्फिन्स्टन रोडचा पूल, पाऊस, अरुंद जिना, २३ मृत्यू. तेव्हाही पहिल्या दिवसापासून 'लोकांनी घाई केली', 'अफवा पसरली' हेच होतं. पूल रुंद करा म्हणून लोक कित्येक वर्षं ओरडत होते. मला दोन्ही प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून बघवत नाहीत. पण जो कुणी 'शिस्त' हा शब्द वापरतो त्याने ते बघावेत असं वाटतं.

मुंबईच्या लोकलची आणि लंडनच्या भुयारी रेल्वेची लांबी जवळपास सारखी आहे, दोन्ही ४०० किलोमीटरच्या आसपास. लंडनच्या भुयारी रेल्वेने दिवसाला साधारण ४० लाख प्रवास होतात, मुंबईच्या लोकलने ७० लाखांहून जास्त. इथे नियोजन करताना उभ्या माणसांसाठी चौरस मीटरला चार-पाच जण धरतात. मुंबईत गर्दीच्या वेळी १४ ते १६ असतात, आणि त्याला रेल्वेच्या भाषेत वेगळं नावसुद्धा आहे. एवढ्याशा जागेत सोळा माणसं म्हणजे श्वास घेताना शेजाऱ्याच्या बरगड्या हलतात. दार उघडं असतं म्हणून तिथे हवा येते. दारात उभा राहणारा प्रत्येक जण हिरोगिरी करत नसतो. त्याच्यामागे भिंत असते, माणसांची.

म्हणून दारं लावा हे बोलायला सोपं आहे. दारं लागलीच पाहिजेत, यात मला शंका नाही. मुंब्र्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप लागणारी दारं असतील: दाराला झडपा, छतावर हवा खेचणारी यंत्रं, एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट. आराखडा चांगला आहे. पण गाडी थांबली की दार उघडायला आणि सुटताना लागायला वेळ लागतो. प्रत्येक थांब्याला १५ सेकंद जादा धरले तर २५ थांब्यांत सव्वासहा मिनिटं होतात. तीच गाडी परत फिरून दुसरी फेरी घेणार असते, तीही सव्वासहा मिनिटं मागे. दिवसाअखेर फेऱ्या कमी होतात, उरलेल्या गाड्यांत गर्दी वाढते, गर्दीने दार लागत नाही, दार लागेना म्हणून आणखी उशीर. दार आधी आणि फेऱ्या मागाहून असा क्रम धरला तर पहिल्याच पावसाळ्यात दार दोरीने बांधून ठेवलेलं दिसेल, आणि पुन्हा म्हटलं जाईल, बघा, यांना दारं दिली तरी वापरता येत नाहीत. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली, तिला दारं होतीच. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक त्याच एसी गाड्यांविरुद्ध उतरले, कारण ऐन गर्दीच्या वेळच्या साध्या फेऱ्या काढून त्यांच्या जागी एसी घातली होती. दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ते आंदोलन थंड हवेविरुद्ध नव्हतंच. ८ वाजून अमुक मिनिटांची आपली गाडी गेली, याचा तो राग होता.

मुंबईकरांना रांग लावता येत नाही? बेस्टच्या स्टॉपवर उभं राहून बघा. डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग बघा, भर पावसात छत्र्या एकामागे एक. कारण रिक्षा एकामागून एक येत राहतात आणि प्रत्येकीत तीन जागा आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. घाटकोपरला लोकलमधून अक्षरशः फेकली गेलेली बाई दहा मिनिटांत वर मेट्रोच्या पिवळ्या रेषेमागे शांत उभी असते. २०१४ पासून रोज हे होतंय. बाई तीच, जिना चढून गेली एवढंच. मेट्रो बंद पडली की त्याच घाटकोपरला पुन्हा रेटारेटी होते.

लेडीज डब्यात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न असतो, 'कुठे?' बसलेली म्हणते, 'मुलुंड.' 'मग मी.' तिच्यामागची म्हणते, 'तुमच्यानंतर मी.' तोंडी व्यवहार, चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही, आणि पंचवीस मिनिटांनी तो जसाच्या तसा पाळला जातो. तीन जणींच्या सीटवर चौथीला टेकायला जागा करून देतात, तीही अर्ध्या वाटेत उठून दुसरीला देते. पर्स हातोहात रॅकवर जाते आणि उतरताना हातोहात परत येते. मूल असलं तर ते कुणाच्याही मांडीवर. भांडणं होतात, झिंज्यांपर्यंत जातात, मधल्या स्टेशनांवरच्या बायकांना चढू न देणारे गटही असतात. ते मी नाकारत नाही. पण चौरस मीटरला चौदा जणी असताना एवढे करार पाळणाऱ्या बायकांना नागरिकशास्त्र शिकवायची पात्रता कुणात आहे?

इथे गरोदर बाईला 'बेबी ऑन बोर्ड'चा बिल्ला लावावा लागतो, २००५ पासून. दिसत नाही असं आजारपण असणाऱ्यांसाठी २०१७ पासून निळा बिल्ला आहे. बिल्ला चांगला आहे, त्याने जागा मिळते. मान वर केली तर. त्याची गरज पडते कारण इथे विचारणं आणि सांगणं, दोन्ही अवघड आहे. बिल्ला लावलेली बाई दांडा धरून उभी असते आणि समोरचा फोन बघत असतो. तो वाईट नसतो, त्याने तिच्याकडे बघितलेलंच नसतं. न बघणं हीच इथली सभ्यता. नव्याने आलेल्या बाईला ते फार सुखाचं वाटतं, हे कबूल केलं पाहिजे. अंगावर नजर नाही, कुठे चाललीस, एकटीच का, नवरा काय करतो, काही नाही. ज्या मुलीने लोकलच्या पुलावर नको ते धक्के खाल्लेत तिला याचं मोल कुणी समजावून सांगायला नको. मी ते सुख सोडायला तयार नाही. पण त्याच न बघण्यात पुढची वर्षंही जातात. बुटांवरून, बॅगांवरून, खांद्यांवरून शेकडो माणसं मला ओळखता येतात आणि त्यांतल्या एकीलाही मी कुठे उतरते हे माहीत नाही.

आम्ही व्हिडिओ का पाठवतो, याचं उत्तर मला इथेच सापडतं. सरकता जिना दाखवताना आम्ही सांगत असतो की आम्ही निघून गेलो ते बरोबर केलं. आणि मी चिडून उलट उत्तर लिहिते तेव्हा तरी दुसरं काय सांगत असते? की मी अजून तुमच्यातलीच आहे. हेही तपासून घ्यायला हवं, कारण सुट्टीवर गेलो की आम्ही ॲपवरून गाडी बोलावतो. घरचेच म्हणतात, 'तू नको जाऊस ट्रेनने, तुला आता सवय नाही.' ते खरं आहे. पर्स पोटाशी घ्यायची, ओढणी खोचायची, दाराच्या मधल्या खांबाच्या कुठल्या बाजूने लोंढा आत जाणार ते गाडी थांबायच्या आधी ओळखायचं, पाय उचलायचा नाही तर सरकवायचा, आत गेल्यावर लगेच पंख्याखालची बाजू धरायची. हे डोक्यात सगळं आहे, अंगातून गेलंय. लोकलच्या बाजूने बोलायचा माझा हक्क त्या अंगाबरोबर थोडा गेला, हे मला मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करताना व्हिडिओ पाठवणाऱ्यांवरचा राग जास्तच वाढतो.

तरी माझं म्हणणं खोटं पडत नाही. इथल्याच गणपतीत ते दरवर्षी दिसतं. भाड्याचा हॉल, तीन-चारशे मराठी माणसं, सगळी ऑयस्टर, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, टॅप करून सभ्यपणे आलेली. महाप्रसादाचं टेबल भिंतीला लावून एकाच बाजूने वाढायला घेतलं की पंधरा मिनिटांत खांद्याला खांदा, 'अहो, आम्ही आधीपासून उभे आहोत', आणि मसालेभाताच्या पातेल्याभोवती कल्याण स्टेशन. टेबल भिंतीपासून सोडवून हॉलच्या मधोमध आणायचं, दोन्ही बाजूंनी वाढायचं, ताटं सुरुवातीला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवायचं, आत यायला एक दार आणि बाहेर जायला दुसरं. श्रीखंड वाढायला दोन माणसं हवीतच, कारण रांग तिथेच अडते. एवढं केलं की तीच माणसं गप्पा मारत सरकतात. उपदेश कुणी केलेला नसतो.

आणि त्या रांगेत पुढची अनोळखी बाई मागे वळून विचारते, 'कुठल्या तुम्ही?' डोंबिवली म्हटलं की लगेच, 'पूर्व की पश्चिम?' मग कुठली फास्ट पकडायचो, पहिला डबा की मधला, ठाण्याला चढणाऱ्या बायका काय करायच्या, यावर ताट हातात येईपर्यंत बोलणं चालतं.